तलावाच्या लग्नात जेवलेला माणूस

मागच्या महिन्यात नव्या शहरातल्या एका थंडगार सभागृहात मी दोन तास बसून होते. एक तरतरीत मुलगा पडद्यावर चित्रं दाखवून समजावत होता, की आपल्यासारख्या देशांकडे परदेशी भांडवल कशानं ओढलं जातं. बाजारपेठ, स्वस्त मजूर, रस्ते, स्थिर सरकार, करसवलत. मुलगा हुशार होता, टायही छान होता. पण माझं लक्ष लागेना. सारखे उमाळकर काका डोळ्यांपुढे येत होते. त्यांनी हेच सगळं मला एका खडखडत्या जीपमध्ये, मांडीवर डबा उघडून, अर्ध्या तासात शिकवलं होतं. त्या शिकवणीचं पुढे काय झालं, ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

राज्य तेव्हा नवं होतं. रायपूरला राजधानी म्हणायची जिभेला सवय व्हायची होती. आमचं उद्योगांना जागा दाखवणारं कार्यालय एका भाड्याच्या बंगल्यात होतं. साहेबांची केबिन दिवाणखान्यात आणि फायली न्हाणीघरात. मी नागपूरहून नुकतीच आलेली, इंग्रजी बरं म्हणून दुभाषी आणि टायपिस्ट अशा दोन्ही कामांना जुंपलेली. उमाळकर काका मूळचे वर्ध्याकडचे, वडील रेल्वेत, उभी नोकरी भोपाळच्या सरकारात जमिनी मोजण्यात गेलेली. "विभागणीत भांडेकुंडे वाटले तसा मी बी छत्तीसगडच्या वाट्याले आलो," असं ते सांगायचे. पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांतून सायकलवर यायचे, धोतराचा सोगा धरावा तशी पँटची एक बाजू चिमटीत धरून.

त्यांचं काम एकच. कारखान्याजोगी जागा शोधायची, तिथे जायचं आणि तिचा कागद करायचा. एका जागेला एक कागद. वीज किती लांब, रेल्वे किती लांब, आणि मग खाली एक रांग: वस्ती, झाडं, जलाशय, देवस्थान, वाद. या रांगेत जे नसेल तिथे लिहायचं 'निरंक', म्हणजे काहीच नाही. काका हा शब्द काळ्या शाईनं फार सुबक लिहीत. आधी मात्र जागेवर नुसते उभे राहायचे. पंधरा मिनिटं. टेप पिशवीत, चष्मा कपाळावर. मी विचारलं, काका, काय करताय? तर म्हणाले, "ऐकून राहिलो. कुत्रं भुंकते का, हातपंप वाजते का, कुठं घंटी वाजते का. माणूस डोळ्याले दिसत नाही, कानाले सापडते."

दुसरा नेम डब्याचा. दौऱ्यावर कुठेही गेलं तरी ते गावातलं पाणीसुद्धा घेत नसत. सरपंच हात जोडून उभा, ताटं मांडलेली, आणि हे आपले जीपमध्ये बसून पोळी-ठेचा खाणार. ड्रायव्हरला वाटे म्हातारा सोवळ्यातला आहे. तसं काही नव्हतं. मला एकदा म्हणाले, "ज्याचं खाल्लं त्याच्याबद्दल खरं लिहिता येत नाही, मीनाबाई. आन् खोटं तं त्याहून नाही. मंग खाच कशाले?" तेव्हा मला त्यात नुसती ऐट दिसली होती.

पाहुणे येऊ लागले. परदेशी माणसाला आमच्या कार्यालयात पाहुणाच म्हणत. साहेब त्यांना गुबगुबीत खुर्चीत बसवून तासभर सवलतींची यादी वाचून दाखवायचे, इतकी वर्षं हा कर माफ, तितकी वर्षं तो माफ. पाहुणे मान डोलवायचे आणि शेवटी भलतंच विचारायचे. वीज दिवसात किती वेळा जाते? कोर्टात भांडण गेलं तर निकालाला किती वर्षं लागतात? साहेब घाम पुसायचे, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर काका मिशीत हसायचे.

एका दौऱ्यावरून परतताना जीपमध्ये त्यांनी मला धडा दिला तो असा. "सवलत सारेच देऊन राहिले. सवलतीनं कोनी येत नाही. हे सोयरीक पाहायले येन्यासारखं आहे, बाई. पोहे खातात, तारीफ करतात, पन नजर न्हानीघराकडे. पानी किती, वीज टिकते का, गाडी कुठवर येते, आन् उद्या वाजलं तं निवाडा कोन करते. आन् सर्वांत आधी पाहतात, सांगणारा खोटं तं नाही सांगून राहिला."

हे शेवटचं त्यांनी उगाच जोडलं नव्हतं. एका जागेच्या कागदावर त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, की तीन घरं आहेत आणि एक दावा चालू आहे. पाहुण्यांनी कागद वाचला आणि जागा सोडली. साहेबांनी काकांना सगळ्यांदेखत झापलं, "उमाळकर जी, आप नौकरी कर रहे हैं या हरिश्चंद्र का नाटक?" पण तेच पाहुणे पुढच्या वर्षी दुसऱ्यांना घेऊन आले, आणि त्यांनी येताच विचारलं, तो अक्षर सुंदर असलेला मनुष्य अजून आहे ना? इतर ठिकाणी जे लिहिलेलं असतं ते जागेवर सापडत नाही, इथे सापडतं. मी साहेबांना भाषांतर करून सांगत होते तेव्हा काका लाजून चक्क लाल झाले. त्या दिवसापासून उमाळकरांचा कागद हीच आमच्या कार्यालयाची मोठी सवलत झाली. मलाही त्यांचा अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाची भीती वाटते.

त्याच वर्षी मे महिन्यात ते सेमरडीहला गेले. हे गाव रेल्वेच्या रुळांपासून जवळ, एका आमराईमागे दडलेलं. गावाचं जुनं दप्तर विभागणीत कुठे अडकलं होतं ते देवाला ठाऊक, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहूनच लिहायचं होतं. आमराईच्या अलीकडे मोठा सपाट पट्टा. मधोमध एक रुंद कोरडा खड्डा, चारी बाजूंनी मातीचे उंचवटे. काकांनी तो मुरुमाच्या जुन्या खाणीचा धरला. खड्ड्याच्या बरोबर मध्यात सरईच्या लाकडाचा एक नवाकोरा खांब उभा. कुणीतरी आधी मोजणी करून खूण ठोकली असणार, असं त्यांना वाटलं. त्यांना बरंच वाटलं, कारण मोकळ्या पट्ट्यात टेप लावायला अशी खूण कधी मिळत नाही. सगळी मापं त्यांनी त्या खांबापासून घेतली.

तेवढ्यात आमराईतून वाजंत्री ऐकू आली आणि माणसं यांना न्यायला आली. बिहाव आहे म्हणाले, साहेब, जेवून जा. काकांनी नेहमीसारखं नको नको केलं. पण ऐन लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठून जायचं म्हणजे अपशकुन. वर्ध्याचा माणूस, एवढा धसका त्यांच्यातही होता. ते बसले, भात-वरण, भाजी, वर बुंदी असं पोटभर जेवले. नवरा-नवरी कोण हे विचारायचं राहून गेलं. माझ्यापाशी परत आल्यावर म्हणाले, "नेम मोडला आज. पन लगनाचं जेवन होतं, त्याले दोष नाही." आणि कागद माझ्यापुढे ठेवला. पट्ट्यावर वस्ती निरंक. देवस्थान निरंक. जलाशय निरंक. मी टाइप केला.

हिवाळ्यात एक मोठी कंपनी आली. धातूचा कारखाना काढायचा होता, हजारो माणसांना काम, वर्तमानपत्रांत रोज बातमी. त्यांचे मुख्य पाहुणे पांढऱ्या केसांचे, हळू आवाजाचे, अतिशय सभ्य गृहस्थ होते. आमचं राज्य की शेजारचं, यावर त्यांचं अडलं होतं, आणि अडलं होतं पाण्यापाशी. त्यांनी सगळे कागद चाळून तीन जागा निवडल्या. त्यात सेमरडीह होतं.

पाहुणे जागेवर जायच्या दोन दिवस आधी रस्ता बघायला काका जात, तसे याही वेळी निघाले, आणि मला सोबत घेतलं. कारखान्यांचं बीरगाव मागे पडेपर्यंत जीपच्या काचेवर काळी पूड साचत होती. पुढे हवा स्वच्छ झाली. आमराई दिसली आणि काकांनी ड्रायव्हरला खांद्याला धरून थांबवलं.

खड्डा नव्हताच तिथे. काठोकाठ भरलेला तलाव होता. बायका कपडे धूत होत्या, म्हशी डुंबत होत्या, पलीकडच्या काठाला कुणी अंघोळ करून सूर्याला पाणी देत होतं. आणि मधोमध, पाण्यातून वर आलेला, तो सरईचा खांब. काका उतरले आणि नेहमीसारखे उभे राहिले. या वेळी ऐकण्यासारखं पुष्कळ होतं.

एक म्हातारी काठी टेकत आली. डोळ्यांवर हात धरून तिनं काकांना न्याहाळलं आणि तिचं तोंड हसण्यानं भरलं. मागच्या बायकांना ओरडून म्हणाली, "ए साहेब ह तो हमर तरिया के बिहाव म खाए रिहिस!" हा तर आपल्या तलावाच्या लग्नात जेवला होता.

मग तिनंच सांगितलं. तलाव पणज्यांनी खोदलेला. कधी आटला नव्हता. मधला खांब कुजला म्हणून त्या उन्हाळ्यात साऱ्या गावानं मिळून पाणी काढून दिलं, गाळ उपसून शेतांत टाकला आणि नवा खांब रोवून तलावाचं रीतसर लग्न लावलं. लग्नाशिवाय त्याचं पाणी देवाला चालत नाही, इकडची रीतच तशी. हळद, वाजंत्री, वरात, पंगत, सगळं. "काबर आए हव साहेब?" तिनं शेवटी विचारलं. का आलात?

काकांनी काठावर पडलेला बांबू उचलून पाण्यात खोलवर टाकून पाहिला आणि जीपकडे वळले. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी डबा उघडला, बघितला आणि पुन्हा बंद केला. मग म्हणाले, "मी त्याच्याच लगनात जेवलो, मीनाबाई. आन् त्याच हातानं त्याले निरंक लिहिलं." मी म्हणाले, काका, कागदच आहे, दुरुस्त करू. किती सहज म्हणाले मी!

साहेबांनी दुरुस्तीला हात लावू दिला नाही. "परसों मेहमान आ रहे हैं और आपको तालाब दिख रहा है? मई में क्यों नहीं दिखा?" दोन महिन्यांत काकांची निवृत्ती होती, या वयात चौकशी मागे लावून घ्यायची आहे का, असंही साहेबांनी गोड आवाजात विचारलं. काका मान खाली घालून बाहेर आले, न्हाणीघरातल्या फायलींमधून सेमरडीहचा कागद काढला, लाल शाईनं जलाशयापुढचा 'निरंक' खोडला, सही केली आणि माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसले.

"इंग्रजीत पुरवणी कर. पाहुन्यायच्या फाइलीत घाल. जे होईन ते माझ्यावर."

मी विचारलं, काय लिहू? एक तलाव आहे, एवढंच?

"एवढ्यानं काय होते? चांगलं लिही. कधी आटत नाही म्हन. खोल किती ते म्हन, मी बांबू टाकून पाहिला. पानी गोड आहे, सारं गाव पिते म्हन. असं लिही की वाचून हात लावायची हिंमत नाही झाली पाहिजे. चांगली वस्तू पाहून मानूस मोडत नाही, बाई. वाईटच मोडते."

मी लिहिलं. जीव ओतून लिहिलं. माझ्याकडचे होते नव्हते ते सगळे चांगले शब्द त्या पानावर घातले: बारमाही, स्वच्छ, खोल, पिढ्यान्‌पिढ्या न आटलेला. गावाबद्दलचं वाक्य शेवटी आलं. काकांनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "मस्त झालं." आम्हा दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं.

पाहुण्यांनी ते पान बंगल्याच्या दिवाणखान्यात, आमच्यासमोर वाचलं. सावकाश वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून शेजारच्या इंजिनिअरला दाखवलं. दोघांत आकड्यांचं काही बोलणं झालं, मग पांढऱ्या केसांचे गृहस्थ पहिल्यांदा मनापासून हसले. साहेबांना म्हणाले, आम्हाला हीच एक शंका होती. शेजारच्या राज्यानं आम्हाला पुष्कळ काही देऊ केलंय, पण असं प्रामाणिक लिहिलेलं कुठे मिळालं नाही. मी भाषांतर करताना माझा आवाज मलाच परका वाटला. काका स्टुलावर ताठ बसले होते. त्यांना इंग्रजी समजायचं. माझ्या भाषांतराची त्यांना गरज नव्हती.

जागा ठरली. साहेबांचा राग मावळला, इतकंच नव्हे, निवृत्तीच्या समारंभात त्यांनी काकांना शाल पांघरली, नारळ दिला आणि सांगितलं की जे मोठमोठ्या सवलतींनी झालं नाही ते या माणसाच्या एका पानानं करून दाखवलं. टाळ्या वाजल्या. काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

त्यानंतर गोल बाजारात एकदा ते दिसले. भांड्यांच्या गल्लीत उभे होते, विकत काही घेत नव्हते. खूप वाळले होते. मी कसे आहात विचारलं. म्हणाले, "सेमरडीहले जाऊन येत असतो. बसनं. तिथं चुन्याच्या रेघा मारून राहिले." मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "खांबापासून मोजून राहिले, मीनाबाई. माझ्याच मापानं." मी घाईत असल्याचं सांगून तिथून निघाले. घाई कसली होती? मला त्यांच्याजवळ उभं राहवेना, एवढंच.

भूमिपूजनाला दुभाषी म्हणून मलाच जावं लागलं. मंडप, फुलं, पोलिसांच्या गाड्या. तलावाच्या चारी बाजूंनी काटेरी तार ओढून झाली होती आणि काठावर निळा रंग दिलेले पंप ओळीनं मांडले होते, अजून जोडायचे होते. तारेपलीकडे गाव उभं होतं. ओरडत नव्हतं, काही मागत नव्हतं. नुसतं उभं होतं, आणि मला त्या शांततेचंच भय वाटत होतं. त्यांच्यात उमाळकर काका होते. पँटची बाजू चिमटीत धरून, त्या म्हातारीच्या शेजारी.

पाहुणे सभ्य माणूस. कुदळ मारून झाल्यावर गावकऱ्यांना नमस्कार करतो म्हणाले आणि तारेकडे चालू लागले. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला साहेब, मध्ये मी. काका पुढे सरकले. तारेला धरून, पाहुण्यांकडे न बघता, माझ्याशी बोलू लागले. घाईघाईनं.

"मीनाबाई, सांग त्यायले. तो कागद मी लिहिला आन् खोटा लिहिला म्हन. पानी वाईट आहे म्हन. पिऊन लोकं बिमार पडतात, आठ महिन्यांत आटते, काही बी म्हन. मले इंग्रजीत धड बोलता नाही येत, नाहीतं मीच सांगतलं असतं. तू सांग, माय. तुह्यावर इश्वास आहे त्यायचा."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. हे काय म्हणतायत? साहेबांनीही बघितलं. त्यांची बोटं माझ्या कोपराला टेकली होती, अगदी हलकी. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. घरी आई माझ्या भरवशावर होती. हे आज लिहिताना सबबीसारखं वाटतं, आणि ती सबबच आहे.

मी इंग्रजीत म्हणाले, ज्यांचा कागद तुम्हाला आवडला तेच हे. तुम्हाला भेटून आनंद झाला म्हणतात.

पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तारेच्या वरून हात पुढे केला, काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मनापासून आभार मानले. काकांनी हात सोडवून घेतला नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांना इंग्रजी समजायचं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेऊन जगले असते. राग नव्हता.

म्हातारीनं त्यांची बाही ओढली. तिच्या दृष्टीनं सगळं आता या दोन वाक्यांवर होतं. तिनं विचारलं, "का कहिस नोनी ह? हमर बात कहिस?" पोरगी काय म्हणाली? आपलं सांगितलं का?

काका तिच्याकडे वळले.

"हव दाई," ते होकाराची मान हलवून म्हणाले, "कहि दिस. सब्बो कहि दिस."